जिलबी आणि दह्याचा दाखला

भावमिश्र हे नाव वैद्यकाच्या इतिहासाबाहेर फारसे घेतले जात नाही, आणि घेतलेच तर ते 'फिरंगरोगा'च्या संदर्भात घेतले जाते. सोळाव्या शतकातल्या त्याच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात, पोर्तुगीजांबरोबर आलेल्या एका नव्या गुह्यरोगाचे वर्णन संस्कृत वैद्यकात प्रथमच येते, आणि रोग कुठून आला हे त्याच्या नावातच नोंदवलेले आहे. याच ग्रंथाच्या कृतान्नवर्गात, म्हणजे सिद्ध केलेल्या अन्नाच्या प्रकरणात, 'कुंडलिनी' नावाचा एक पदार्थ आहे. तिथे मात्र कोणाही परक्याचा उल्लेख नाही.

कृती थोडक्यात अशी. जाणत्या माणसाने एक कोरा घडा घ्यावा आणि त्याला आतून अर्धा प्रस्थ आंबट दह्याचा लेप द्यावा. दोन प्रस्थ मैदा, एक प्रस्थ आंबट दही आणि अर्धा शराव तूप एकत्र घोळून त्या घड्यात ओतावे. मिश्रणाला आंबटपणा येईपर्यंत घडा उन्हात ठेवावा. मग ते छिद्र असलेल्या भांड्यात घालून तापलेल्या तुपात गोल फिरवीत सोडावे, वेढ्यावर वेढे देत वर्तुळाकार आणावा. चांगले तळले गेले की तुपातून काढून कापूर वगैरेंनी सुगंधित केलेल्या पातळ साखरेच्या पाकात बुडवावे आणि बाहेर काढावे. यानंतर, वैद्यकग्रंथ असल्यामुळे, पुष्टी, कांती आणि बळ यांची हमी येते.

प्रस्थात दोन शराव हे मान धरले तर हिशेब असा होतो: मैदा दोन वाट्या असेल तर दही एक वाटी, लेपासाठी आणखी अर्धी, आणि तूप पाव वाटी. ज्यांनी घरी जिलबी केली आहे त्यांना हे प्रमाण वेगळे समजावून सांगायला नको. मोहन थोडे जास्त वाटेल, इतकेच.

मराठीच्या विद्यार्थ्याला 'कुंडलिनी' भेटते ती ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, आणि तिथून थेट कढईत उतरणे जरा अवघड जाते. पण शब्दाचा मूळ अर्थ वेटोळे घातलेली असाच आहे. योगमार्गाने तो नागिणीला लावला, पाकशास्त्राने जिलबीला. दोन्ही ठिकाणी उष्णता लागते, हा योगायोग म्हणून सोडून देऊ.

मुद्दा वेगळा आहे. एकच ग्रंथकार बाहेरून आलेल्या रोगाला बाहेरचे नाव देतो आणि बाहेरून नाव घेऊन आलेल्या पदार्थाला शुद्ध संस्कृत नाव देतो. असे का व्हावे?

'बाहेरून नाव घेऊन आलेला' हे विधान वादाचे आहे याची कल्पना आहे. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात जिलबीची नोंद आहे. १९०३ मध्ये विल्यम क्रुक यांनी दुसरी आवृत्ती काढताना तिथे कंसात एक पुस्ती जोडली: हा शब्द अरबी 'झलाबिया', फारसी 'झलीबिया' यांचा अपभ्रंश दिसतो. (त्याच नोंदीत हा पदार्थ भाजला जातो असेही म्हटले आहे. कोशकार जिलबी खात असावेत, कढईपाशी उभे राहत नसावेत.) याला उत्तर म्हणून 'जलवल्लिका' असे संस्कृत रूप पुढे केले जाते. पाण्याची वेल म्हणजे जिलबी ही कल्पना सुंदर आहे. पण जिलबीत जल नसते, पाक असतो, आणि लोकांच्या तोंडी रुळलेल्या शब्दाला मागाहून संस्कृत पूर्वज शोधून देण्याची आपली जुनी हौस इथे कामाला आलेली दिसते.

या वादात ज्यांचे काम सर्वांत उपयोगी पडते ते प. कृ. गोडे (१८९१–१९६१) पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते. चारशेहून अधिक शोधनिबंधांत त्यांनी नथ, फटाके, घोड्यांच्या खाण्यातला हरभरा अशा विषयांचे कालनिर्णय केले. मोठ्या सिद्धांतांची त्यांना घाई नसे. हस्तलिखित घ्यायचे, त्याचा काळ ठरवायचा, त्यात वस्तूचे नाव येते का पाहायचे आणि खुंटी ठोकून पुढे जायचे, अशी त्यांची रीत. १९४३ साली 'न्यू इंडियन अँटिक्वरी'मध्ये त्यांनी भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावर टिपणे लिहिली आणि त्यांत विशेष जागा दिली ती जिलबीला. त्यांनी ठोकलेल्या खुंट्यांपैकी तीन महत्त्वाच्या आहेत. पहिली, जिनसूर या जैन ग्रंथकाराची 'प्रियंकरनृपकथा', साधारण १४५० ची. तिच्यात एका धनिक व्यापाऱ्याच्या घरच्या भोजनात जिलबी आहे. दुसरी, १६०० पूर्वीची 'गुण्यगुणबोधिनी', जिच्यात जिलबीची कृतीच दिलेली आहे. तिसरी, सतराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतले रघुनाथाचे 'भोजनकुतूहल'.

तिकडची बाजू याहून बरीच जुनी आहे. नवव्या शतकात बगदादचा कवी इब्न अल-रूमी झलाबिया तळणाऱ्यावर कविता करतो आणि चांदीसारख्या पिठाचे सोने होताना पाहून त्याला किमया आठवते. दहाव्या शतकात अल-वर्राकच्या पाकग्रंथात झलाबियाला स्वतंत्र प्रकरण मिळते. १२२६ मध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी आपल्या पाकग्रंथात 'लुक्मत अल-काझी', म्हणजे काझीचा घास, याची कृती देतो: घट्ट कणीक भिजवावी, ती फुगून आली की बोराएवढे गोळे तोडून तिळाच्या तेलात तळावे, पाकात घालावे, वर साखर भुरभुरावी. तुर्कस्तानातला लोकमा आणि ग्रीसमधले लुकुमादेस हे याच घासाचे वंशज. या ग्रंथाचे आर्थर आर्बेरी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले ते हैदराबादेहून निघणाऱ्या 'इस्लामिक कल्चर' या नियतकालिकात. बगदादची कृती दख्खनेत छापली गेली आणि चारच वर्षांनी पुण्यात गोडे यांचे टिपण आले.

मधला दुवा इब्न बतूताचा. चौदाव्या शतकात सिंधकडून दिल्लीला निघालेला हा प्रवासी वाटेतल्या शाही जेवणाचा क्रम सांगतो, तेव्हा पुलाव-समोशांच्या पुढे त्याला त्याच्या ओळखीचा काझीचा घासही वाढलेला दिसतो. फक्त इथे त्याला दुसऱ्या नावाने हाक मारतात. म्हणजे जिनसूराच्या व्यापाऱ्याने पंगत घालण्याच्या शंभरेक वर्षे आधी आंबवलेल्या पिठाचे, तळून पाकात घातलेले पदार्थ उत्तर हिंदुस्थानातल्या दरबारी पंगतीत आलेले होते.

एवढ्यावर निकाल देऊन थांबता येईल आणि पुष्कळांनी थांबवलेही आहे: जिलबी परकी. मला हा निकाल चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो. शब्द कुठून आला हे त्यातून कळते. तो पदार्थ ज्यांच्या घरात शिरला त्यांनी त्याला दार कसे उघडले, हे कळत नाही. आणि खरे कोडे तिथे आहे, कारण जिलबी हा आंबवलेला पदार्थ आहे.

आंबवण नेमके काय करते हे कढईपाशी उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. रात्री कालवून ठेवलेल्या पिठात दह्यातले जीवाणू आम्लता आणतात. त्यांच्या जोडीला हवेतून, पिठातून आणि भांड्यातून आलेले यीस्ट वाढते आणि वायू सोडते. सकाळी पिठावर बुडबुडे दिसतात, पळीने उचलले तर तार धरते आणि वास किंचित आंबूस येतो. अशा पिठाची धार तापलेल्या तुपात पडली की बाहेरचा पापुद्रा क्षणात आवळतो आणि आतला वायू व वाफ फुगतात. त्यामुळे जिलबीचा वेढा भरीव न राहता पोकळ नळी होतो. ती पाकात पडली की पाक या नळीत शिरतो. जिलबी चावताना जो रस सुटतो तो बाहेरून चिकटलेला नसतो, आत साठलेला असतो. आंबवण कमी पडले तर नळी होत नाही आणि हाती गोड पाक फासलेली शेव येते. जास्त झाले तर पीठ तुपात पसरते, तूप पिते आणि चपटे राहते. पाक एकतारी हवा, कोमट हवा, उकळता नको. दिवाळीच्या थंडीत पातेले चुलीच्या उबेला ठेवावे लागते, वैशाखात चार-पाच तासांतच पीठ हाताबाहेर जाते. भावमिश्र तासांचा आकडा देत नाही, आंबटपणा येईपर्यंत असे म्हणतो. ते अज्ञान नसून अनुभव आहे.

आता धर्मशास्त्राकडे वळू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्याचा विचार आहे. तिथे 'शुक्त', म्हणजे ठेवून आंबट झालेले अन्न, द्विजांना वर्ज्य सांगितले आहे. दुसऱ्या दिवशीचे शिळे अन्नही वर्ज्यच. या दोन नियमांपुढे रात्रभर आंबवलेल्या मैद्याचा पदार्थ टिकायला नको. पण याच अध्यायात दोन अपवाद आहेत. आंबलेल्या पदार्थांपैकी दही आणि दह्यापासून झालेले सर्व काही खायला मोकळीक आहे. आणि ज्यात स्नेह, म्हणजे तूप वा तेल, मिसळले आहे असे निर्दोष अन्न शिळे झाले तरी चालते.

आता भावमिश्राचा घडा पुन्हा पाहावा. आत दह्याचा लेप, पिठात दही, पिठात तूप, तळायला तूप. अपवादांची दोन्ही कलमे एका मडक्यात भरलेली आहेत. भावमिश्राने मनूचे श्लोक समोर ठेवून कृती रचली असे मी म्हणत नाही; पाककृती अशा रचल्या जात नाहीत. पण एखादा पदार्थ दहा वाटांनी येऊ पाहतो आणि त्यांतली एकच वाट मोकळी असते, तेव्हा पुढच्या पिढ्यांना ती वाट हीच त्या पदार्थाची मूळ कृती वाटू लागते. कालच्या पिठाचा गोळा आजच्या पिठात घालणे हा खमीर करण्याचा साधा, सर्वत्र चालणारा उपाय. तो संस्कृत पाकग्रंथातून गळतो आणि विरजण त्याच्या जागी बसते. दही हा आंबटपणाला मिळालेला शुचितेचा दाखला होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इराणात रमजानमध्ये होणाऱ्या झुलबियातही दही पडते. तेव्हा दही ही आपल्याकडची युक्ती, असे म्हणता येणार नाही. ते कृतीबरोबरच आलेले असू शकते. हे मान्य करूनही माझे म्हणणे बदलत नाही. दही कुठलेही असो, त्याला इथे जी मान्यता आधीच मिळालेली होती ती खमिराला नव्हती. ही मान्यता सर्वांची नव्हती हेही खरे. जैन आहारनियमांत आंबवलेल्या पिठावर आक्षेप आहे आणि काटेकोर व्रतस्थ जिलबी टाळतात. आपल्याकडची जिलबीची एक जुनी नोंद जैन कथेतच सापडावी, हा विरोधाभास गोडे यांच्या टिपणाच्या वाचकाला गमतीचा वाटेल. व्यापाऱ्याच्या पंगतीत आणि मुनीच्या नियमात नेहमीच थोडे अंतर राहिले असावे.

हा तर्क पडताळून पाहायला महाराष्ट्राच्या इतिहासात एक चांगली जागा आहे. १५१० नंतर गोव्यात पोर्तुगीज आले; त्यांना पाव हवा होता आणि त्यांच्या सवयीचे यीस्ट इथे नव्हते. तेव्हा माडाची सूर आंबवणाच्या कामी आली. पोदेरांचा पाव सुरेवर फुगला. म्हणजे पीठ गव्हाचेच, आंबवणाची क्रियाही तीच, यीस्टही त्याच कुळातले. फरक एवढाच की आंबवण दह्याऐवजी ताडीचे, कढईऐवजी भट्टी, तुपाऐवजी पाणी आणि करणारा ख्रिस्ती. चारही दाखले नाकारले गेले. पावाभोवती बाटण्याची भीती किती दाट होती याचा पुरावा १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत आहे. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या या गुप्त सभेत प्रवेश घेणाऱ्याला जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेल्याची बातमी पसरताच सभा विस्कटली. पावाचा एक तुकडा माणसाला जातीबाहेर टाकू शकत होता.

तिथे पावाच्या जागी जिलबी ठेवून पाहावी. नाव अरबी, पीठ मैद्याचे, रात्रभर आंबवलेले, इतिहास बगदादपर्यंत जाणारा. तरीही जिलबी खाऊन कोणाला बंडखोर होता आले नसते. तीच जिलबी सभासदाच्या घरी मुंजीच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर वाढली जात असेल आणि त्याच्या जातीचे सर्वांत कडक पंच तिची पैज लावून खात असतील. अन्नाच्या बाबतीत 'परके' ही भूगोलाची वर्गवारी फार क्वचित असते. माणसाने कोणाच्या हातचे काय खावे याची ती वर्गवारी असते, आणि भूगोल तिला मागाहून चिकटवला जातो. मिरची आणि बटाटा समुद्रापलीकडून येऊन स्वयंपाकघरात बसले. पाव शेजारच्या आळीत भाजला जात असूनही उंबऱ्याबाहेर राहिला.

रघुनाथाचे 'भोजनकुतूहल' या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. हा रघुनाथ गणेश नवहस्त म्हणजे तंजावरच्या एकोजी भोसल्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाचा पंडित, आणि समर्थ रामदासांशी त्याचा संबंध होता, हे गोडे यांनीच उलगडून दाखवले. त्याच्या ग्रंथात धान्ये, पक्वान्ने आणि त्यांचे गुण आहेत, तसाच भोजनविधीचा धर्मशास्त्रीय विचारही आहे. काय खाल्ल्याने पित्त वाढते आणि काय खाल्ल्याने दोष लागतो, हे प्रश्न एकाच पोथीत शेजारी नांदतात. जिलबी त्याच्याकडे येते तोपर्यंत तिच्याबद्दल विचारण्यासारखे काही उरलेले नव्हते. ती एक पक्वान्न होती, बस्स.

मात्र या सगळ्या साधनांची एक मर्यादा सांगायला हवी. जिनसूर, भावमिश्र, रघुनाथ हे लिहिणारे लोक आहेत. हलवाई लिहीत नव्हता. तो कालच्या पिठाची थोडी खरवड आजच्या पिठात मिसळत असणार, कारण बाजारात रोज पहाटे कढई लागते आणि जुने पीठ दह्याहून भरवशाचे. ज्या खमिराला पोथीत जागा मिळाली नाही तो बाजारात निर्धास्त जगला असेल, आणि तुपात तळलेले म्हणून गिऱ्हाइकानेही त्याची चौकशी केली नसेल. दोन जिलब्या शतकानुशतके शेजारी राहिल्या असाव्यात, एक विरजणाची आणि एक खमिराची. आपल्याकडे पोहोचला तो पहिलीचा लेखी इतिहास. मराठीत 'जिलब्या पाडणे' हा वाक्प्रचार घाईघाईने, वळणे देत केलेल्या लिखाणासाठी वापरतात. खरी जिलबी पाडणाऱ्याने मात्र एक ओळ लिहून ठेवलेली नाही.

घरच्या जिलबीला विसाव्या शतकात उतरती कळा लागली ती धर्मशास्त्रामुळे नव्हे. लग्नाला आचारी आले, कोपऱ्यावर मिठाईचे दुकान आले, आणि छिद्र पाडलेली करवंटी किंवा कापड घेऊन धार धरण्याचे कसब घरातून सुटत गेले. महाराष्ट्रात १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला रस्तोरस्ती जिलबीची दुकाने मांडली जातात आणि झेंडावंदन करून परतणारी माणसे पुडा घेऊन घरी जातात. राष्ट्रीय सणाचे पक्वान्न घरात न होता बाजारातून यावे हेही एका परीने साजेसेच. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा बऱ्याच घरांत पुन्हा तई चढली.

या वेळी पिठात पडले ते बहुधा पाकिटातले कोरडे यीस्ट, किंवा तेवढाही धीर नसेल तर फळांचे क्षार. सोड्याने आणि क्षाराने नळी फुगते खरी, पण पीठ आंबत नाही, आणि अशा जिलबीची गोडी दुसऱ्याच घासाला मिटते. यीस्टचे तसे नाही. अर्ध्या-पाऊण तासात बुडबुडे येतात, धार चांगली पडते. पण अशा कृतींतही यीस्टपाठोपाठ दोन चमचे आंबट दही घालायला सांगितलेले असते. फुगवण्याचे काम यीस्टने केव्हाच उरकलेले असते. कारण विचारले तर चवीसाठी असे उत्तर मिळते, आणि ते खरे आहे.